हुशार आहे, पण…

दिवाळीची सुट्टी संपते, अकरावीचे पहिल्या सत्राचे गुण हातात पडतात, आणि कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एकच वाक्य ऐकू यायला लागतं. "पोरगं हुशार हाय मॅडम, पण अभ्यासच करत न्हाई बघा." बोलणारे डॉक्टर असोत, गुजरीतले सराफ असोत की उद्यमनगरातले लेथवाले (यंत्रावर लोखंड कातून सुटे भाग घडवणारे), वाक्य तेच.

ओंकारचे (नाव बदललं आहे) वडील लेथवाले. मुलाला दहावीला ९४ टक्के आणि अकरावीत फिजिक्सला ५० पैकी ११. आई म्हणाली, "मी सांगून सांगून दमलो." (आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात, बाहेरच्या वाचकांनी गोंधळू नये.) मोबाईल काढून घेऊन झाला होता, फुटबॉल बंद करून झाला होता, दुसरा क्लासही लावून झाला होता.

मी आधी झोप, भूक, डोळ्यांचा नंबर आणि मनाची उदासी बघते. त्यात काही निघालं तर अभ्यासाचा विषय बाजूला ठेवून डॉक्टरांकडे पाठवते. इथं तसं काही नव्हतं. तीन भेटी "हो" आणि "बघतो" यातच गेल्या. चौथ्या भेटीत मी विचारलं, "समज, महिनाभर जीव तोडून अभ्यास केलास आणि परत अकराच पडले. मग?"

बराच वेळ तो चपलेच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला.

"मग सगळ्यांना कळेल की, मी हुशार नाही ते."

"आणि आत्ता?"

"आत्ता आळशी म्हणतात. ते चालतंय."

इतक्या वर्षांत इतकं नेमकं उत्तर मला कुणी दिलं नव्हतं. घरच्यांच्या वाक्यात 'पण' चुकीचा आहे, तिथं 'म्हणून' हवं, हे मला त्या क्षणी लख्ख दिसलं. हुशार आहे म्हणून अभ्यास करत नाही! दहावीपर्यंत न झगडता मिळालेली 'हुशार' ही पदवी तो जपत होता, आणि पुस्तक उघडणं हाच तिला मोठा धोका होता.

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांच्या विचारांची आहे, हे लपवत नाही. १९९८ मध्ये त्यांनी आणि क्लॉडिया म्युलर यांनी पाचवीतल्या मुलांना कोडी दिली. सुटल्यावर काहींना 'तू हुशार आहेस' म्हटलं, काहींना 'मेहनत घेतलीस'. मग मुद्दाम अवघड कोडी दिली. त्यात आपटी खाल्ल्यानंतर 'हुशार' मुलं पुन्हा पहिल्यासारख्या कोड्यांतही मागे पडली, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी आपले गुण वाढवून सांगितले.

पण हे ओंकारला सांगून उपयोग नव्हता. पुढच्या भेटीला मी वडिलांना बोलावलं आणि त्याच्यासमोरच विचारलं, "लेथ शिकताना किती जॉब बिघडवलेत, किती तुकडे वाया घालवलेत?"

ते आधी लाजले. "मोजलेच न्हाईत. मालकानं दोनदा हाकललं हुतं." मग खुलले. "त्यात बी प्रकार असतोय मॅडम. व्यास जास्त राहिला, ओव्हरसाईज, तर अजून एक कट मारला की झालं. अंडरसाईज झाला की भंगार. नवा बार घ्यायचा, पहिल्यापासनं."

ओंकार पहिल्यांदाच स्वतःहून बोलला. "पप्पा, मग माझ्या पेपरात कुठलं जास्त असेल?"

हा प्रश्न खरं तर मी विचारायला हवा होता.

त्याच संध्याकाळी बापलेक पेपर घेऊन बसले. सूत्र येत होतं पण एकक चुकलं, घाईत चिन्ह राहिलं, ही सगळी ओव्हरसाईज. मुळात कळलंच नव्हतं ते अंडरसाईज. तिथं नववी-दहावीच्या पुस्तकापर्यंत मागे जायचं ठरलं. गंमत म्हणजे बारीक मापं घेणाऱ्या ज्या मायक्रोमीटरवर वडिलांचं पोट चालतं, तो अकरावी फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला असतो आणि मापनातल्या त्रुटी पहिल्याच धड्यात. पोरानं तोच धडा ऑप्शनला टाकला होता.

पालकांना मी तीन-चार गोष्टीच सांगते. 'किती पडले?' याच्या आधी 'कुठं अडलं?' विचारा. पाहुण्यांसमोर हुशारीचं कौतुक थांबवा, आळशीपणाची तक्रारही. खेळ बंद करू नका, शाहू स्टेडियमवर मॅच हरून दुसऱ्या दिवशी परत सरावाला जाणारी पोरं हरायला शिकलेली असतात. आणि अकरावी गेली म्हणजे सगळं गेलं, असं घरात बोलू नका. सीईटीतसुद्धा अकरावीचा भाग साधारण २० टक्के, बाकी ८० टक्के बारावीचा.

पुढच्या चाचणीत ओंकारला २४ पडले. आईचा चेहरा उतरला, "निम्मे पण न्हाईत!" वडील मात्र चष्मा लावून पेपर उलटसुलट बघत होते.

"अंडरसाईज किती रं?"

"चार," ओंकार म्हणाला. "गेल्या वेळी अकरा होते."