समुद्रातली दोन माणसे आणि किनाऱ्यावरचे भांडण

चित्रपट : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात फोंड्याहून आलेल्या एका पत्राचा सारांश छापला होता. जागेअभावी उत्तर राहिले होते. दरम्यान त्याच विषयावर आणखी दोन वाचकांनी लिहिले आणि चौथे पत्र त्याच वाटेवरचे निघाले, म्हणून या वेळी चारही एकत्र घेतली आहेत. उत्तरांत ‘ओपन वॉटर’ या चित्रपटाचा शेवट सांगितला आहे. ज्यांना तो अजून पाहायचा आहे, त्यांनी हे पान तूर्त बाजूला ठेवावे.

प्रश्न (फोंडा) : आमच्या वाचनालयाच्या सभागृहात आम्ही दर महिन्याला एक चित्रपट दाखवतो. जूनमध्ये ‘ओपन वॉटर’ दाखवला. साठेक माणसे होती. मध्यंतरात चहा आणि भजी झाली, त्यानंतर वीसेक जण परतलेच नाहीत. उरलेल्यांपैकी काही म्हणाले, “शार्कचा चित्रपट म्हणून बोलावलेत आणि दोन माणसे तरंगताना दाखवलीत.” दोन भगिनी मात्र दिवे लागल्यावरही बराच वेळ खुर्चीतून उठल्या नाहीत. आता समितीत दोन तट पडले आहेत. असले कमी खर्चाचे थरारपट दाखवावेत की नाही? आणि चूक कोणाची?

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आपण ओझरती लिहून गेला आहात, ती म्हणजे चहा-भजीची. हा चित्रपट अवघा ७९ मिनिटांचा आहे आणि प्रेक्षकाला देण्यासारखी एकच वस्तू त्याच्याजवळ आहे : वेळ जात राहतो आणि कोणी येत नाही. समुद्रात बुडी मारण्याच्या (स्कूबा डायव्हिंगच्या) हौसेने गेलेले एक दांपत्य बोटीवरची माणसे मोजताना झालेल्या चुकीमुळे भर समुद्रात मागे राहते, बोट निघून जाते, आणि त्यानंतर लाटा, तहान, जेलीफिशचे डंख, उलट्या, एकमेकांना लावलेला बोल आणि खालून फिरणाऱ्या सावल्या, एवढाच ऐवज उरतो. ती दोघे पाण्यात असताना प्रेक्षकाने उठून गरम भजी खाल्ली की त्यांच्याबरोबर तो किनाऱ्याला लागला. पुन्हा त्याला पाण्यात ढकलण्याची ताकद उरलेल्या चाळीस मिनिटांत नाही. नाटकात अंकाचा पडदा नाटककाराने लिहिलेला असतो. हा पडदा आपल्या समितीने लिहिला.

यावर कोणी म्हणेल की आपल्या लोकांना धीर नाही. ते मला मान्य नाही. जत्रेच्या नाटकाला पहाटेपर्यंत मांडी घालून बसणारा प्रेक्षक ज्या प्रदेशात आहे, तिथे धीराचा तुटवडा असल्याचे म्हणणे जरा धाडसाचे आहे. मात्र त्या नाटकात पुढे काय होणार हे ठाऊक असते आणि कसे होणार याची ओढ असते. इथे नेमके उलटे आहे : पुढे काय होणार ते ठाऊक नाही, आणि जे होते आहे ते दर दहा मिनिटांनी तेच आहे. वाट पाहणे हीच गोष्ट आहे, असे ज्याला वाटते तो बसून राहतो. वाट पाहणे ही गोष्टीपूर्वीची अडचण आहे, असे ज्याला वाटते तो घड्याळ पाहतो. हे दोन्ही प्रेक्षक शहाणेच असतात.

फसवणुकीची तक्रारही पूर्णपणे निराधार नाही. दिग्दर्शक क्रिस केंटिस आणि त्यांच्या पत्नी, निर्मात्या लॉरा लाऊ, ही दोघेही स्कूबा डायव्हिंगची हौस असलेली माणसे. त्यांनी स्वतःच्या पैशाने, सवड मिळेल तसे, हातातल्या डिजिटल कॅमेऱ्यावर हे चित्रीकरण केले. खर्च सव्वा लाख डॉलरच्या आसपास झाला. यांत्रिक किंवा संगणकावर बनवलेला शार्क परवडणारा नव्हता, म्हणून बहामा बेटांजवळ खऱ्या शार्कांमध्ये नट उतरवले गेले. २००४ च्या सनडान्स या अमेरिकेतील चित्रपट महोत्सवात लायन्सगेट या कंपनीने तो २५ लाख डॉलरला घेतला, आणि तिथून पुढे त्याची जाहिरात शार्कच्या नावावर झाली. जगभरात त्याने पाच कोटी डॉलरहून अधिक धंदा केला, पण त्या पैशाबरोबर चुकीच्या अपेक्षेने आलेला प्रेक्षकही आला. ज्याच्या मनात १९७५ चा शार्कपट ‘जॉज’ होता, त्याला शेवटी शार्क मरायला हवा होता. इथे नवरा मरतो, बायको अंगावरचा सरंजाम उतरवून स्वतःहून पाण्याखाली जाते, आणि त्याच सकाळी बोटीवर त्यांचे सामान सापडून शोधाच्या बोटी निघालेल्या असतात. ज्याने तिकिटाचे पैसे भरून सुटकेची वाट पाहिली, त्याला हा शेवट म्हणजे पाठीत सुरा वाटला तर नवल नाही.

मी स्वतः त्या दोन भगिनींच्या बाजूचा आहे. तरी चित्रपट निर्दोष आहे असे म्हणणार नाही. किनाऱ्यावरचा सुरुवातीचा भाग ढिला आहे, संवाद सपक आहेत, आणि चित्राची प्रत घरगुती लग्नाच्या चित्रफितीसारखी आहे. पाण्यात उतरल्यावर हीच उणीव त्याच्या कामी येते, कारण तो कोणी मांडून दाखवलेला देखावा वाटतच नाही. मूळ घटना खरी होती, याचाही त्यात हात आहे : जानेवारी १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर एक अमेरिकन दांपत्य असेच मागे राहिले होते आणि बोटीवरचे त्यांचे सामान दोन दिवसांनी लक्षात आले होते. ती दोघे कधीच सापडली नाहीत. समुद्रात नेमके काय घडले, हे अर्थातच चित्रपटकर्त्यांनी कल्पनेने भरले आहे.

एक शंका आपणच तपासून पाहावी. रात्रीच्या वादळाचा प्रसंग जवळजवळ संपूर्ण काळोखात आहे. वीज चमकली की क्षणभर चेहरे दिसतात, बाकी फक्त आवाज. जून महिना, फोंड्याचा पाऊस, आणि सभागृहाला वर पत्रे असतील, तर त्या प्रसंगात आपल्या प्रेक्षकांना काळा पडदा दिसला आणि पत्र्यावरचा पाऊस ऐकू आला, एवढेच घडले असावे. त्यांनी “काहीच घडत नाही” म्हटले ते अक्षरशः खरे असू शकते.

दाखवावेत का? जरूर दाखवावेत, पण पाऊस सरल्यावर, मध्यंतर न घेता, आणि चहा आधी देऊन. आरंभी दोन वाक्यांत सांगावे की हा शार्कशी झुंजीचा चित्रपट नाही. एवढे केल्यावरही कोणी उठून गेले, तर त्यांना जाऊ द्यावे. २००४ पासून दर वर्षी पणजीत भरणाऱ्या इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात चित्रपट अर्ध्यावर सोडून जाणारे प्रतिनिधी आपण पाहिलेच असतील. त्यातले बरेचसे कंटाळून जातात की दुसऱ्या पडद्यावरच्या रांगेसाठी जातात, हे त्यांनाच ठाऊक.

प्रश्न (म्हापसा) : मी महाविद्यालयात शिकतो. अशा चित्रपटांना समीक्षक ऐंशी टक्के देतात आणि प्रेक्षक दहापैकी पाच-साडेपाच. मग विश्वास कोणावर ठेवायचा? समीक्षक मुद्दाम वेगळे बोलतात का?

उत्तर : आपण दोन वेगळ्या मापांची तुलना करीत आहात, ती शेर आणि हात यांची तुलना झाली. रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावरचे ऐंशी टक्के म्हणजे शंभरपैकी ऐंशी गुण नव्हेत. शंभर समीक्षकांपैकी ऐंशी जणांचे मत एकंदरीत अनुकूल आहे, इतकाच त्याचा अर्थ आहे. त्या सर्वांनी “बरा आहे, एकदा पाहा” असे म्हटले तरी आकडा ऐंशीच येतो.

उलट दहापैकी मिळणारी सरासरी दुभंगलेले मत झाकून टाकते. दहा जणांपैकी पाच जणांनी नऊ गुण दिले आणि पाच जणांनी दोन, तर सरासरी साडेपाच येते. दुसऱ्या एका चित्रपटाला पाच जणांनी पाच आणि पाच जणांनी सहा दिले, तरीही साडेपाचच. पहिल्या चित्रपटाने घराघरांत भांडणे लावली आहेत आणि दुसरा सोमवारपर्यंत कोणाच्या लक्षातही राहणार नाही. म्हणून सरासरीऐवजी गुणांची विभागणी पाहावी. दोन्ही टोकांना गर्दी आणि मधे ओसाड असे चित्र दिसले, तर तो चित्रपट मी तरी आवर्जून पाहतो.

याचे ठळक उदाहरण १९९९ चे आहे. ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ हा जंगलात वाट चुकलेल्या तीन तरुणांचा चित्रपट काही हजार डॉलरांत चित्रित झाला आणि त्याने जगभरात सुमारे २५ कोटी डॉलर मिळवले. समीक्षकांनी त्याचे कौतुक केले. पण चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या अमेरिकन प्रेक्षकांची मते नोंदवणाऱ्या सिनेमास्कोअरच्या पाहणीत त्याला ‘सी प्लस’ मिळाला, आणि मुख्य प्रवाहातील चित्रपटासाठी ती श्रेणी नाराजीची समजली जाते. कित्येकांना हलत्या कॅमेऱ्याने मळमळले, कित्येकांना शेवटपर्यंत चेटकीण दिसली नाही म्हणून राग आला. लोकांनी पैसे भरले आणि वर शिव्याही दिल्या. समीक्षक तोच चित्रपट पाहत होते, मात्र दिवसाला दोन-तीन पाहण्याच्या सवयीने. ज्याने नेहमीचा मसाला शेकडो वेळा चाखला आहे, त्याला अळणी पदार्थही नवा लागतो. हा गुण आहे की व्याधी, ते मी समीक्षकांच्याच पंक्तीत बसतो म्हणून सांगणार नाही.

प्रश्न (बेती) : मासेमारीबंदी असल्याने घरी होतो, नातवाने मोबाइलवर ‘ओपन वॉटर’ दाखवला. मी तीस वर्षे मालीमच्या धक्क्यावरून ट्रॉलरवर तांडेल (बोटीचा प्रमुख) म्हणून जात होतो. पाण्यात पडलेला माणूस बायकोशी सुट्टीच्या बेतावरून भांडत बसतो? तो दम राखतो. आणि समुद्र थंड नसताना ही दोघे एका दिवसात इतकी गळतात कशी? आम्हाला हे खोटे वाटले.

उत्तर : तांडेल, आपल्या अनुभवापुढे माझे ज्ञान कोरड्या जागेवरचे आहे, म्हणून अर्धा मुद्दा आपल्याला देतो. समुद्रावर जन्म गेलेला माणूस असा वागणार नाही. पण ही दोघे आपल्यासारखी नाहीत, आणि चित्रपटाचा सगळा रोख तिथेच आहे. कामाच्या धबडग्यातून आठवडाभराची सुट्टी काढून, पैसे भरून समुद्र ‘घ्यायला’ आलेली ती शहरी माणसे आहेत. आपण स्कीइंगला जाणार होतो, हा समुद्र तुझाच हट्ट, असे ती त्याला ऐन मृत्यूच्या दारात सुनावते. माझ्या मते तो चित्रपटातील सर्वांत खरा प्रसंग आहे. ज्यांचा लग्नाचा संसार झाला आहे, अशा वाचकांना याचे स्पष्टीकरण नको.

गळण्याविषयी मात्र चित्रपट बरोबर आहे. तितक्याच तापमानाच्या हवेपेक्षा पाणी अंगातली उष्णता सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून घेते, त्यामुळे कोमट वाटणाऱ्या समुद्रातही अनेक तास राहिल्यावर शरीर थंड पडू लागते. समुद्राच्या पाण्यात साधारण साडेतीन टक्के क्षार असतात. मूत्रपिंडांना तेवढे खारट मूत्र बनवता येत नाही, म्हणून खारे पाणी पिणारा माणूस पिण्यापूर्वीपेक्षा अधिक तहानलेला होतो. त्यात उन्हाचा मारा, लाटांनी लागलेली मळमळ आणि उलट्यांतून जाणारे पाणी मिळवावे. पाणबुड्याचा पोशाख आणि हवेचे जाकीट त्यांना तरंगते ठेवते, पण तहान भागवत नाही. लांबवर बोट दिसत असता पोहत का गेले नाहीत, असेही अनेकांनी विचारले आहे. समुद्रात दिसणारे अंतर किती फसवे असते आणि करंट माणसाला कुठे नेतो, हे मी आपल्याला सांगणे म्हणजे आगरात मीठ नेणे होईल.

आपल्या पत्रातून मला एक गोष्ट नव्याने कळली. तर्काची तक्रार करणारे दोन प्रकारचे असतात. एक, ज्यांना तो धंदा खरोखर ठाऊक आहे. त्यांचे ऐकावे. दुसरे, जे खुर्चीत बसून “मी असतो तर” म्हणतात. विक्रमादित्य मोटवाने यांच्या २०१७ च्या ‘ट्रॅप्ड’मध्ये मुंबईच्या एका ओसाड इमारतीतील उंचावरच्या घरात एक तरुण अडकतो, किल्ली बाहेर राहते, वीज नाही, पाणी नाही. तो पाहून आलेले माझे दोन स्नेही दार कसे फोडायचे यावर घरी येईपर्यंत वाद घालत होते. सुटकेच्या चित्रपटाने याहून अधिक काही साधायचे असते असे मला वाटत नाही, पण ते दोघेही चित्रपट वाईट आहे असेच म्हणत होते.

प्रश्न (साखळी) : सत्तरीच्या रानात वाट चुकलेल्या दोघांवर आम्ही मित्र कमी खर्चात चित्रपट करावा म्हणतो. दोन पात्रे, एकच जागा. स्वस्तात होईल ना?

उत्तर : पात्रांचा आणि सेटचा खर्च वाचेल, तो वेळेत आणि आवाजात निघेल. म्हादई अभयारण्याच्या हद्दीत चित्रीकरण करायचे असेल तर वनखात्याची परवानगी आधी घ्या, कारण ती उरकण्यापूर्वी ठरवलेल्या तारखा कोसळतात. नटांचे कपडे, चिखल आणि जखमा दिवसागणिक वाढत जायला हव्यात, म्हणून शक्य तितके चित्रीकरण कथेच्या क्रमानेच करा. प्रेक्षक अंधूक चित्र सोसतो, पण न कळणारा शब्द सोसत नाही. तेव्हा कॅमेरा उसना आणला तरी चालेल, ध्वनिमुद्रणाचा माणूस मात्र पैसे देऊन आणा. आणि आज पाऊस आहे तोवर रानातला पाऊस वेगळा ध्वनिमुद्रित करून ठेवा, पानांवरचा, दगडावरचा, ओहोळातला, प्रत्येकी दहा-दहा मिनिटे. डिसेंबरात संकलनाला बसाल तेव्हा तो कुठे मिळणार नाही.