विचारा की! : अकरा ट्रॉल्या गाळ काढला, पेपरात ओळ नाही

प्रश्न : सर नमस्कार. आम्ही परभणी जिल्ह्यातल्या एका गावात वीसेक जणांनी मिळून जुनी बारव (पायऱ्यांची दगडी विहीर) साफ केली, ९ रविवार लागले, गाळ-प्लॅस्टिक मिळून ११ ट्रॉल्या निघाल्या. चार पेपरांना प्रेसनोट पाठवली, एकातही ओळ आली नाही. सुरुवात अशी केली होती, ‘मंडळाच्या वतीने दरवर्षी विविध उपक्रम राबविण्यात येतात, त्याचाच एक भाग म्हणून मा. अध्यक्षांच्या प्रमुख उपस्थितीत स्वच्छता अभियान उत्साहात संपन्न झाले.’ एक वार्ताहर म्हणाला जाहिरात द्या मग बघू. द्यावी का? चुकलं कुठे?

उत्तर : अहो, ११ ट्रॉल्या गाळ काढलात आणि नोटच्या सुरुवातीला एकाही ट्रॉलीचा पत्ता नाही! मी बरीच वर्षं पेपरच्या जिल्हा डेस्कवर, म्हणजे गावोगावच्या बातम्या निवडून लावतात तिथे, काढलीत, ‘उत्साहात संपन्न’ दिसलं की हात आपोआप पुढच्या मेलवर जायचा. माज नव्हता हो, रोज ढिगानं नोटा यायच्या आणि सगळ्यांत तेच अध्यक्ष, तीच प्रमुख उपस्थिती, फक्त गावाचं नाव वेगळं.

तुम्ही घरी आल्यावर बायकोला काय सांगितलंत? अध्यक्ष आले होते हे नक्कीच नाही. जे सांगितलंत तेच पहिलं वाक्य. ‘कचऱ्यानं बुजलेली बारव गावकऱ्यांनी ९ रविवारांत मोकळी केली, ११ ट्रॉल्या गाळ निघाला.’ मेलच्या विषयातही हेच टाका, नुसतं ‘प्रसिद्धीसाठी’ लिहू नका, तसले शंभर असतात. आणि खाली काय सापडलं ते तर तुम्ही मलाही सांगितलं नाहीत! पायऱ्या किती, देवकोष्ठात (भिंतीतल्या देवाच्या कोनाड्यात) मूर्ती आहे का, पाणी लागलं का? बातमी तिथे आहे. फक्त काळा दगड दिसला की ‘हजार वर्षांपूर्वीची हेमाडपंती’ असं ठोकून देऊ नका, कोणी जाणकारानं बघितली असेल तर त्यांच्या नावानं लिहा, नाहीतर ‘जुनी’ एवढं पुरे. अध्यक्षांना शेवटच्या ओळीत बसवा, रुसले तर रुसले.

नोट दीडशे-दोनशे शब्दांची, युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर मराठी टाइप होतं तशी, टाइप केलेली. लेटरहेडचा फोटो काढून पाठवतात लोक, मग ते सगळं डेस्कवरच्या पोरानं परत टाइप करायचं, कोण करणार? फोटो दोन, त्याच जागेवरून साफ करण्याआधीचा आणि नंतरचा, व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा म्हणजे क्वालिटी मरत नाही. हार घातलेल्या रांगेचा फोटो मंडळाच्या ग्रुपवर ठेवा. खाली फोन उचलेल अशा माणसाचा नंबर.

पाठवायचं दुपारच्या आत. संध्याकाळी डेस्क पानं लावण्यात बुडालेलं असतं, तेव्हा ‘बातमी लागली का’ विचारायला फोन केलात तर उत्तर गोड मिळणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एकच फोन करा, तोही शक्यतो तालुक्याच्या वार्ताहराला, आणि त्याला आधी बारवेवर घेऊन जा, चहा पाजा, गाळ दाखवा. स्वतः उतरून बघितलेली बातमी तो डेस्कशी भांडून लावून घेतो.

जाहिरात? बिलकुल नको. त्या वार्ताहराला जाहिरातीचं टार्गेट असतं, त्याची अडचण मला कळते, पण पैसे देऊन बातमी म्हणून छापून आणलंत तर ती पेड न्यूज, आणि पुढच्या वेळी रेट ठरलेला. सरळ दुसऱ्या पेपरच्या माणसाला गाठा, परभणीला आकाशवाणी केंद्र आहे तिथेही कळवा.

उशीर झालेला नाही. १८ एप्रिलला जागतिक वारसा दिन असतो, त्या सुमारास पुरवणीवाले असले विषय शोधत असतात, आठ-दहा दिवस आधी पाठवा. आणि तोवर दर रविवारी बारवेतलं पाणी किती फूट आहे ते मोजून वहीत लिहून ठेवा, एप्रिलमध्ये तुमच्याकडे पहिला प्रश्न तोच विचारतील.