महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या जुन्या गाडीची बॅटरी कशी जपावी?

डायनमो (इंजिनने फिरून वीज तयार करणारे जुन्या धर्तीचे यंत्र) असलेली तुमची जुनी गाडी पाच-सहा महिने बंद गॅरेजमध्ये राहणार आहे. या काळात ती दर आठवड्याला दहा मिनिटे चालू करावी, की बॅटरीला चार्जर लावून ठेवावा, असा तुमचा प्रश्न आहे. दर आठवड्याला गाडी चालू करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गाडी ठेवण्यापूर्वी बॅटरी पूर्ण चार्ज करावी, ती गाडीच्या वायरिंगपासून सोडवावी आणि पुढचे सगळे महिने ती पूर्ण चार्जच्या जवळच राहील अशी व्यवस्था करावी. शिसे आणि गंधकाम्ल यांवर चालणारी बॅटरी वापराने जितकी खराब होते, त्याहून कितीतरी लवकर ती उतरलेल्या अवस्थेत पडून राहिल्याने खराब होते.

पहिल्या वर्षी मी स्वतः दर रविवारी नेमाने गाडी चालू करत असे, आणि तरीही चौथ्या महिन्यात स्टार्टर फिरेनासा झाला. कारण नंतर कळले. इंजिन मंद गतीवर असताना डायनमोचे व्होल्टेज बॅटरीपेक्षा कमी असते, त्यामुळे कट-आउटचे (डायनमो आणि बॅटरी यांना आपोआप जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट जुळतच नाहीत आणि बॅटरीकडे करंट जात नाही. डॅशबोर्डवरचा लाल दिवा तेवढा वेळ मंद पेटलेला असतो, तो हेच सांगत असतो. स्टार्टर दीड-दोनशे अँपिअर खेचतो खरा, पण तीन-चार सेकंदच, म्हणजे हिशेबाने पाव अँपिअर-तासाहूनही कमी (एक अँपिअर करंट तासभर वाहिला की एक अँपिअर-तास). त्यानंतरची दहा मिनिटे इंजिनात ठिणगी पाडणारी इग्निशन कॉइल मात्र बॅटरीतूनच दोन-तीन अँपिअर घेत राहते, आणि हा खर्च स्टार्टरच्या खर्चापेक्षा जास्त भरतो. म्हणजे बॅटरी भरावी म्हणून मी जे करत होतो, त्यानेच ती दर रविवारी थोडी रिकामी होत होती. डायनमोऐवजी अल्टरनेटर (नव्या धर्तीचे वीज तयार करणारे यंत्र) असलेल्या गाडीत मंद गतीवरही थोडे चार्जिंग होते, परंतु बॅटरीचा शेवटचा पाचवा हिस्सा भरायला काही तास लागतात. दहा मिनिटांत ते होण्यासारखे नाही. शिवाय एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी तयार होते. सायलेन्सर पुरेसा तापण्याआधीच इंजिन बंद केले तर त्यातील बरेचसे पाणी आतच साचते आणि सायलेन्सर आतून गंजतो. गाडी चालू करायचीच असेल, तर ती रस्त्यावर काढून अर्धा-पाऊण तास नीट वेगाने चालवावी.

बॅटरी उतरते तेव्हा दोन्ही प्रकारच्या प्लेटांवर शिशाचे सल्फेट जमते. ते ताजे असते तोवर बारीक आणि मऊ असते, आणि चार्जिंग केले की परत विरघळते. तसेच आठवडेच्या आठवडे राहिले, तर त्याचे कण मोठे व कठीण होत जातात, आणि मग कितीही वेळ चार्जर लावला तरी त्यातला बराच भाग परत येत नाही. याखेरीज काहीही जोडलेले नसतानाही प्रत्येक बॅटरी आपोआप थोडी उतरत असते. तापमान दहा अंशांनी वाढले की हा वेग साधारण दुप्पट होतो, म्हणून गरम जागी ठेवलेल्या बॅटरीकडे जास्त वेळा लक्ष द्यावे लागते. अतिथंड प्रदेशात धोका निराळा आहे: पूर्ण भरलेल्या बॅटरीतील आम्ल उणे ५० अंशांपर्यंत गोठत नाही, परंतु पूर्ण उतरलेल्या बॅटरीतील आम्ल जवळजवळ पाण्यासारखे झालेले असल्याने उणे ७-८ अंशांच्या आसपासच गोठते आणि बॅटरीची पेटी तडकू शकते.

बॅटरीची स्थिती अंदाजाने ठरवू नये, ती मोजावी. चार्जर काढल्यावर निदान काही तास, शक्य असल्यास रात्रभर, बॅटरी तशीच ठेवून मग मल्टिमीटर लावावा. लगेच मोजल्यास आकडा फसवा वर दिसतो. १२ व्होल्टच्या बॅटरीवर १२.६ ते १२.७ म्हणजे पूर्ण, १२.४ म्हणजे सुमारे पाऊण आणि १२.२ म्हणजे जवळजवळ निम्मी. साठवणीच्या काळात १२.४ च्या खाली ती कधीच जाऊ देऊ नये. झाकणे उघडणारी जुन्या धर्तीची बॅटरी असेल, तर आम्लाची घनता मोजणारा हायड्रोमीटर याहूनही खरे सांगतो. रबरी फुगा दाबून प्रत्येक सेलमधील (बॅटरीच्या सहा कप्प्यांपैकी एकेका कप्प्यातील) आम्ल काचेच्या नळीत ओढले की तरंगकाठी कुठे थांबते ते डोळ्यांच्या रेषेत धरून पाहावे. भरलेल्या सेलमध्ये पाण्याच्या तुलनेत घनता १.२६५ ते १.२८ च्या दरम्यान असते. माझ्या त्या बॅटरीत पाच सेलमध्ये काठी जवळपास सारख्याच उंचीवर तरंगली आणि सहाव्यात पार खाली बुडाली. झाकणातून डोकावले तर त्या सेलच्या प्लेटांच्या कडांवर राखाडी-पांढरा थर स्पष्ट दिसत होता. असा एक सेल गेला की बाकीचे पाच उत्तम असूनही बॅटरी बदलावीच लागते.

आता गाडीतल्या गळतीविषयी. जुन्या गाडीत काही चालू नसते असे आपण समजतो, पण घड्याळ, नंतर बसवलेला अलार्म किंवा रेडिओ असतोच. ५० मिलिअँपिअरचा सततचा खर्च फार वाटत नाही, तरी तो दिवसाला १.२ अँपिअर-तास होतो आणि ४० अँपिअर-तासांची बॅटरी अडीच-तीन आठवड्यांत निम्म्यावर आणतो. घड्याळाची मला विशेष काळजी वाटते. त्या काळच्या अनेक गाड्यांतील काट्यांच्या घड्याळात स्प्रिंग सैल झाली की दोन पॉइंट जुळतात, विद्युतचुंबक एक दांडा झटक्याने मागे फेकून स्प्रिंगला पुन्हा ताण देतो, आणि दर मिनिट-दोन मिनिटांनी शांत गॅरेजमध्ये ‘टक्’ असा आवाज ऐकू येतो. बॅटरी उतरली की चुंबकात दांडा फेकण्याइतका जोर उरत नाही, पॉइंट जुळलेलेच राहतात, आणि त्या सततच्या करंटने घड्याळाची कॉइल जळते. माझे घड्याळ असेच गेले. मूळ घड्याळ पुन्हा मिळवणे नव्या बॅटरीपेक्षा फार कठीण असते, म्हणून बॅटरी सोडवून ठेवण्याचा आग्रह मी इतका धरतो.

चार्जर निवडताना फरक नीट समजून घ्यावा. साधा जुना चार्जर बॅटरी भरली की थांबत नाही. तो महिनाभर लावून ठेवला तर आम्लातील पाण्याचे विघटन होत राहते, प्लेटा उघड्या पडतात आणि बॅटरी त्यानेच मरते. तुम्हाला हवा आहे तो बॅटरी पूर्ण भरल्यावर स्वतःच १३.२ ते १३.६ व्होल्टच्या आसपास उतरून तिथेच स्थिर राहणारा स्वयंचलित चार्जर. त्याची क्षमता लहान असली तरी चालते, मात्र उतरलेली बॅटरी त्याच्यावर सोपवू नये. आधी तिच्या अँपिअर-तासांच्या सुमारे एक-दशांश करंटने ती पूर्ण भरून घ्यावी. गाडीत जेल किंवा एजीएम प्रकारची (आम्ल घट्ट जेलमध्ये किंवा काचतंतूंच्या थरात धरून ठेवणारी, बंद पेटीची) नवी बॅटरी बसवली असेल, तर चार्जरवर त्या प्रकारासाठी वेगळी सोय आहे का ते पाहावे. गाडी ६ व्होल्टची असेल, तर ६ व्होल्टचाच चार्जर लागतो, आणि वरचे व्होल्टेजचे सर्व आकडे निम्मे समजावेत.

गॅरेजमध्ये वीज नसेल, तर बॅटरी घरी किंवा कामाच्या जागी आणून महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज करावी. सोडवलेल्या बॅटरीला तेवढे पुरते. जमिनीवर ठेवल्याने बॅटरी उतरते हा समज जुन्या, ओलावा धरणाऱ्या पेट्यांच्या काळातला आहे. आजच्या प्लॅस्टिकच्या पेटीला खालच्या फरशीने काहीही होत नाही. चार्जिंगच्या वेळी निघणारा हायड्रोजन हवेत चार टक्क्यांवर गेला की ठिणगीने पेटू शकतो, म्हणून जागा हवेशीर असावी आणि चार्जरचा विजेचा खटका बंद केल्याशिवाय क्लिपा लावू किंवा काढू नयेत. प्लेटा बुडाल्या नसतील तर आधी त्या झाकण्यापुरतेच डिस्टिल्ड वॉटर घालावे आणि खुणेपर्यंतची भर चार्जिंगनंतर टाकावी. आम्ल कधीही घालू नये.

बॅटरी सोडवताना ‘आधी निगेटिव्ह’ हा नियम डोळे झाकून पाळू नका, कारण जुन्या अनेक गाड्यांत बॉडीला पॉझिटिव्ह जोडलेला असतो. खरा नियम असा की बॉडीला जोडलेली केबल आधी काढावी आणि परत लावताना ती सर्वांत शेवटी लावावी. म्हणजे दुसरे टर्मिनल सैल करताना पाना चुकून बॉडीला टेकला तरी शॉर्ट होत नाही. चार्जरची लाल क्लिप मात्र दोन्ही प्रकारच्या गाड्यांत पॉझिटिव्हलाच जाते. गाडी बाहेर काढण्याच्या दिवशी टर्मिनल आणि केबलची टोके घासून चकचकीत करावीत, घट्ट आवळून वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्यावा, आणि बॉडीची केबल लावण्यापूर्वी मल्टिमीटरवर १२.६ दिसते का ते एकदा पाहावे.