राजगड-तोरणा झालाय, आता आल्प्स?

प्रश्न: आम्ही दोघं झुरिकला असतो. राजगड-तोरणा केलाय त्यामुळे पायांचं टेन्शन नाही. जूनच्या पहिल्या वीकेंडला ग्रिंडेलवाल्डजवळचा श्यिनिगे प्लाटे ते फिर्स्ट हा डोंगरातला ट्रेक जमेल का?

उत्तर: पाय जमवतील हो, पण तारीख बदला. वाटेतलं फाउलहॉर्न शिखर 2681 मीटरवर आहे आणि जूनच्या सुरुवातीला सावलीतल्या उतारांवर बर्फ असतोच, तिथे पाय सटकला की आपल्याकडच्या घसाऱ्यासारखं बुडावर बसून थांबता येत नाही. जुलै ते सप्टेंबर बघा.

अंतर साधारण 16 किमी, नुसतं चालायचे 6 तास. वाटेवरच्या पिवळ्या पाट्यांवर किलोमीटर नाही, वेळ लिहिलेली असते आणि त्यात डबा खाणं, फोटो काहीच धरलेलं नसतं, म्हणजे तुमचे आरामात आठ होणार. त्यामुळे विल्डर्सविलहून श्यिनिगे प्लाटेला चढणारी सकाळची लवकरची ट्रेन पकडा आणि फिर्स्टहून ग्रिंडेलवाल्डला उतरणारा शेवटचा गोंडोला (रोपवे) किती वाजता ते आधीच बघून ठेवा, तो चुकला तर खाली चालतच.

दगडांवर पांढरा-लाल-पांढरा पट्टा दिसला की तुमची वाट. निळा पट्टा असेल तर तिकडे जाऊ नका, तो दोर आणि बर्फवाल्यांचा. दुपारी ढग गडगडायला लागले तर धारेवर रेंगाळू नका. हेलिकॉप्टर रेस्क्यूचा नंबर 1414.

घाई नको असेल तर फाउलहॉर्नच्या माथ्यावरच्या जुन्या हॉटेलात मुक्काम करा, बुकिंग मात्र आधी. सकाळी उतरताना बाखआल्पसे तळ्याशी गर्दीच्या आधी पोचाल, वारा नसेल तर समोरचं श्रेकहॉर्न शिखर अख्खं पाण्यात दिसतं.