आधी पिशवी उघड

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. शिरोली एमआयडीसीतले फाउंड्रीवाले कर्ज थकल्यापासून सत्तराव्या दिवशीच तुझ्याकडे आले, याचं मला फार बरं वाटलं. एरवी ही माणसं घरचं सोनं गहाण टाकून, मेव्हण्याकडून उसने घेऊन, सगळे उपाय संपल्यावर वकिलाची पायरी चढतात.

येताना त्यांच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी असते. आत बँकेची पाकिटं, निम्मी न फोडलेली. कायद्याचं काहीही बोलण्याआधी ती पिशवी टेबलावर रिकामी कर, पाकिटं त्यांच्यासमोर फोड आणि प्रत्येकावर मिळाल्याची तारीख पेन्सिलीनं लिही. सरफेसीची, म्हणजे बँकेला कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याची, कलम 13(2) ची नोटीस निघाली, तर त्यातले 60 दिवस कधीच सुरू झालेले असतात. त्या काळात लेखी आक्षेप दिला, तर बँकेला तो मान्य नसल्यास 15 दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. बँकेनं ताब्याची कारवाई केली, तर डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात, जायला 45 दिवस. पाकिटं का फोडली नाहीत, असं मात्र त्यांना विचारू नकोस. वीस-पंचवीस कामगारांचा पगार करणाऱ्या माणसाचाही भीतीनं हात पुढे होत नाही.

मग विचार, धंदा कोणाच्या नावावर आहे? पाटीवर 'इंडस्ट्रीज' असतं आणि कागदावर एकट्याची मालकी किंवा भागीदारी. तसं असेल तर धंद्याचं प्रकरण एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांच्या न्यायाधिकरणात, जात नाही, जुन्या नादारी कायद्यांकडे वळावं लागतं. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर 2016 ची नादारी व दिवाळखोरी संहिता लागू. पण तिथे नेहमीच्या प्रक्रियेत कारभार पहिल्या दिवसापासून मालकाकडून निघून नेमलेल्या नादारी व्यावसायिकाच्या हाती जातो, हे मालकाला स्पष्ट सांग. लघुउद्योगांसाठी 2021 मध्ये प्री-पॅक आलं, म्हणजे धनकोंशी आधी ठरवून मग न्यायाधिकरणात जायचं. त्यात कारभार मालकाकडेच राहतो, पण मालकाशी संबंध नसलेल्या, बँकांसारख्या वित्तीय धनकोंची संमती आधी मिळवावी लागते; 2021 च्या नियमात ती कर्जाच्या रकमेच्या हिशोबानं 66 टक्के होती.

आता माझी चूक सांगतो, कारण ती तुझ्या हातून होऊ नये. 2019 साली एका कंपनीचं प्रकरण एनसीएलटीत दाखल करून घेतलं. कंपनीवरच्या वसुलीला स्थगिती मिळाली आणि मी मालकांना म्हणालो, आता निवांत झोपा. महिन्याभरात बँकेनं त्यांच्या घरावर कारवाई सुरू केली. कर्जाला त्यांनी आणि त्यांच्या पत्नीनं वैयक्तिक हमी दिली होती, आणि कंपनीची स्थगिती जामीनदाराला वाचवत नाही. हमीपत्र फाइलमध्येच होतं, मी उलटून पाहिलं नव्हतं. त्या बाई ऑफिसात येऊन एवढंच म्हणाल्या, "सही कुठं करायची ते यांनी दाखवलं, मी केली." तेव्हापासून पहिल्याच भेटीत मी पत्नीलाही बोलावतो. तूही बोलाव.

चेक बाउन्सचंही तसंच. स्थगितीनं कंपनीवरचा चेक बाउन्सचा, म्हणजे कलम 138 चा, खटला थांबतो, सही करणाऱ्या संचालकावरचा चालूच राहतो.

कंपनीचं एखादं मशीन भावाच्या उसनवारीपोटी त्याला देऊन टाकतो, असं ते म्हणतील. देऊ देऊ नकोस. नातेवाइकांशी केलेले असे व्यवहार दोन वर्षं मागे जाऊन उलटवता येतात, आणि मग त्यांच्या खऱ्या शब्दावरही कुणी विश्वास ठेवत नाही. त्यांची स्वतःची येणी मात्र जरूर मांड. माल घेणाऱ्या पार्टीनं 45 दिवसांपुढे पैसे अडकवले असतील, तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याजासह ते लघुउद्योगांच्या थकीत पैशांसाठी असलेल्या सुविधा परिषदेकडे मागता येतात. कित्येकदा भट्टी त्या अडकलेल्या पैशांमुळेच थंड झालेली असते.

आता तुझ्या फाउंड्रीवाल्यांचं. 90 दिवस थकले की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज, ठरतं; तेव्हा हातात 20 दिवस आहेत. लघुउद्योग सावरण्यासाठी केंद्राची 29 मे 2015 ची अधिसूचना आहे, 25 कोटींपर्यंतच्या कर्जांना लागू. तिच्या आधारे बँकेच्या समितीपुढे कर्जाची फेररचना मागता येते. सुप्रीम कोर्टानं 1 ऑगस्ट 2024 रोजी प्रो निट्स प्रकरणात ही चौकट बँकांवर बंधनकारक ठरवली. पण त्याच निकालात म्हटलंय की खातं एनपीए होण्याआधी आपण लघुउद्योग असल्याचे कागद उद्योजकानं स्वतः बँकेपुढे ठेवले पाहिजेत. नंतर गेलं तर वाट अवघड होते.

तेव्हा उद्यम नोंदणीचा दाखला, प्रतिज्ञापत्र, येण्या-देण्याची यादी आणि पुढच्या सहा महिन्यांच्या ऑर्डरी जोडून अर्ज याच आठवड्यात शाखेत दे. पोच घेतल्याशिवाय तिथून निघू नकोस. शिक्क्यावर तारीख नीट उमटली का तेही बघ. मसुदा आज रात्री पाठव, मी जागा आहे.

तुझा,
काका