क्रिकेट विश्वचषकाच्या पात्रता स्पर्धेचा इतिहास काय, आणि ती केवळ दुय्यम संघांची स्पर्धा मानावी का?

आपण विचारले आहे की ही स्पर्धा कधी सुरू झाली आणि तिच्यातून खरोखर काही निष्पन्न झाले का. माझ्या मते हा इतिहास विजेत्यांच्या यादीपेक्षा जागांच्या संख्येवरून अधिक नीट कळतो, कारण विश्वचषकाचे दार सहसदस्य देशांसाठी, म्हणजे कसोटी दर्जा नसलेल्या देशांसाठी, किती उघडे ठेवायचे, हे आयसीसीने (आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने) वेळोवेळी बदलले आहे.

1975 च्या पहिल्या विश्वचषकात श्रीलंका आणि पूर्व आफ्रिका हे संघ निमंत्रणावरून खेळले. खेळून जागा मिळवण्याची सोय झाली ती 1979 मध्ये, इंग्लंडमध्ये भरलेल्या पहिल्या ‘आयसीसी ट्रॉफी’मुळे. तिचे वेळापत्रक आज वाचताना गंमत वाटते. उपांत्य सामने जिंकून श्रीलंका व कॅनडा विश्वचषकात दाखल झाले, तेथे श्रीलंकेने मँचेस्टरला भारताला 47 धावांनी हरवले, आणि त्यानंतर, विश्वचषकाच्या अंतिम सामन्याच्या दोन दिवस आधी, वूस्टरला पात्रता स्पर्धेचा अंतिम सामना होऊन श्रीलंकेने तोही जिंकला!

पुढील तीन स्पर्धांत दार एकाच संघापुरते उघडे होते आणि 1982, 1986 व 1990 अशा तिन्ही वेळा त्यातून झिंबाब्वेच आत गेला. 1983 मध्ये कपिल देव यांनी टनब्रिज वेल्सला नाबाद 175 धावा केल्या, त्या याच पात्रताधारक संघाविरुद्ध. त्या दिवशी भारताची अवस्था 5 बाद 17 होती, हे लक्षात घेतले की ‘दुय्यम’ हा शब्द जपून वापरावासा वाटतो.

1994 मध्ये नैरोबीच्या स्पर्धेतून तीन संघ घेण्यात आले. संयुक्त अरब अमिरातीने अंतिम सामन्यात केनियाला हरवले खरे, पण नाव केले ते केनियाने: 29 फेब्रुवारी 1996 रोजी पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर 166 धावांत आटोपलेल्या या संघाने वेस्ट इंडीजला 93 धावांत गुंडाळले.

माझ्या दृष्टीने या स्पर्धेचा सर्वांत संस्मरणीय सामना म्हणजे 1997 चा क्वालालंपूर येथील अंतिम सामना. स्टीव्ह टिकोलोच्या 147 धावांच्या जोरावर केनियाने 241 धावा केल्या, पावसामुळे खेळ दुसऱ्या दिवशी गेला आणि बांगलादेशापुढे 25 षटकांत 166 धावांचे सुधारित लक्ष्य आले. शेवटच्या षटकात 11 धावा हव्या असताना यष्टिरक्षक खालेद मशूदने पहिलाच चेंडू षटकार म्हणून भिरकावला. अखेरच्या चेंडूवर एक धाव उरली, ती लेगबायच्या रूपाने मिळाली. दोन्ही संघ आधीच पात्र ठरले होते, म्हणजे हिशेबाने पाहता या सामन्यावर काहीच अवलंबून नव्हते. तरीही बांगलादेशातील क्रिकेटला खरी उभारी याच विजयाने दिली. 1999 मध्ये त्यांनी पाकिस्तानला हरवले आणि 2000 मध्ये त्यांना कसोटी दर्जा मिळाला.

2005 च्या स्पर्धेतून तब्बल पाच संघ विश्वचषकात गेले आणि त्यांतल्या आयर्लंडने 2007 मध्ये पाकिस्तानला घरी पाठवले. 2009 पासून ‘विश्वचषक पात्रता स्पर्धा’ हे नाव आले. पुढे 2019 चा विश्वचषक दहा संघांचा करून पात्रता फेरीला दोनच जागा ठेवण्यात आल्या, हा निर्णय मला आजही संकुचित वाटतो. त्याची झळ मोठ्यांनाही बसली: 2018 मध्ये यजमान झिंबाब्वे अमिरातीकडून 3 धावांनी हरून बाहेर पडला, तर 2023 मध्ये हरारेला नेदरलँड्सने वेस्ट इंडीजच्या 374 धावांची बरोबरी साधली आणि बरोबरी सोडवण्यासाठीच्या जादा षटकात, म्हणजे सुपर ओव्हरमध्ये, लोगन व्हॅन बीकने जेसन होल्डरला 30 धावा चोपल्या. दोन वेळचा जगज्जेता वेस्ट इंडीज त्या वर्षी विश्वचषकाला मुकला.

2027 च्या विश्वचषकात चौदा संघ असतील आणि त्यांतील चार पात्रता स्पर्धेतून येतील. दक्षिण आफ्रिका व झिंबाब्वे यांना यजमान म्हणून थेट प्रवेश आहे. नामिबियाला मात्र सहयजमान असूनही आपली जागा खेळूनच मिळवावी लागणार आहे.