आधी छप्पर, मग होडी

प्रिय बाबू,

तुझं पत्र मिळालं, होडीचे फोटोही पाहिले. एनसीसीत शिडाची दोरी हातात घेतलेला पोरगा कधी ना कधी हे विचारणारच, हे मी धरून होतो. मुंबईत पडून असलेली जुनी एंटरप्राइझ जातीची शिडाची होडी, मालक स्वस्तात द्यायला तयार, आणि तुला ती आपल्या गोसेखुर्द धरणाच्या पाण्यावर आणायची आहे. 'काका, भाव बरोबर आहे का?' एवढंच तू विचारलंस. भाव बरोबर आहे. खर्च त्याच्यापुढे सुरू होतो.

आपल्या बाजारात म्हातारा बैल अर्ध्या किमतीत मिळतो, पण म्हणून तो तणस अर्धी खात नाही. होडीचंही तेच. तू ती कितीला घेतलीस हे शिडाच्या दुकानदाराला माहीत नसतं. शीड, दोरी, तार, कप्पी सगळं नव्या होडीच्याच भावाने घ्यावं लागतं. निवृत्तीनंतर मी अशीच एक घेतली होती. विकणाऱ्याने ताजा रंग मारून दिला आणि बावीस वर्षं नौदलात सुतारकाम केलेला मी त्या रंगाला भुललो! पुढे नव्या शिडांचा जोड मला होडीपेक्षा महाग पडला. पहिल्या वर्षीची वही अजून आहे: दुरुस्तीचे दिवस ४१, पाण्यावरचे दिवस ९. तुझी काकू तेव्हा म्हणाली होती, 'हे घर हाय का बंदर?'

एक गोष्ट तुझ्या बाजूची आहे. जॅक होल्टने १९५६ साली ही होडी आखली तीच मुळी लोकांना घरच्या घरी प्लायवूडमधून बांधता यावी म्हणून. चार मीटरची, दोन माणसांची. त्यामुळे लाकडाचं काम गावच्या चांगल्या सुताराला जमण्यासारखं आहे. फक्त प्लायवूड आयएस ७१० चा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायवूडचा, शिक्का पाहूनच घ्यायचं, फर्निचरवाला देईल ते नाही.

पैसे द्यायच्या आधी एकदा स्वतः जा. मडकं घेताना वाजवून पाहतो तशी सगळी होडी लाकडी मुठीने वाजव. टणक आवाज येत येत एकदम बद्द आला, तर तिथे खडूने खूण कर. डोलकाठी जिथे टेकते ती जागा, सेंटरबोर्डच्या (मधून पाण्यात सोडायच्या फळीच्या) पेटीचा तळ आणि मागची फळी या तीन ठिकाणी टोचा लावून बघ. मालक कुरकुरला तर समजून घे, पण टोचा लाव. डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारांवरून कापसाचा बोळा फिरव. कुठे कापूस अडकला तर तिथे तारेचा एखादा पदर तुटलेला आहे, आणि मग ती एक तार नाही, सगळ्याच तारा बदलायच्या. डोलकाठी अॅल्युमिनियमची असेल तर स्टीलच्या रिव्हेटांभोवती पांढरी भुकटी दिसते का तेही पाहा. समुद्राचं मीठ आणि दोन वेगळे धातू एकत्र आले की तिथे अॅल्युमिनियम खाल्लं जातं.

तू लिहिलंस की इथे गोडं पाणी, म्हणजे होडी जास्त टिकेल. अर्धं खरं आहे. इथे कालवं चिकटत नाहीत, लाकूड पोखरणारा समुद्रातला किडा नाही, धातूही कमी गंजतो. पण लाकडाला कुजवणारी बुरशी मिठात नीट वाढत नाही, पावसाच्या पाण्यात मात्र फोफावते. खाऱ्या पाण्यात मुरलेली फळी लोणच्यासारखी राहते. तीच फळी आपल्याकडच्या एका पावसाळ्यात, आत पाणी साचून, बोटाने उकरता येते. म्हणून होडी उलटी ठेवायची, जमिनीपासून वर, खालून वारा खेळेल अशी.

आणि आपलं ऊन. मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर जातो तेव्हा उघड्यावरचं शीड काही हंगामांत पापडासारखं होतं. कापड दिसायला धड असतं, पण शिवणीचा दोरा आधी मरतो. माझं पहिलं शीड सध्या तणसाच्या ढिगावर आहे, तेवढंच त्याचं काम उरलं. त्याच उन्हात एकदा मी इपॉक्सी, म्हणजे लाकूड चिकटवायचा दोन भागांचा डिंक, कालवायला बसलो. डबा हातात तापला, धूर निघाला आणि दहा मिनिटांत सगळा दगड झाला. महाग दगड. ते काम थंडीत करायचं, तेही थोडं थोडं कालवून.

आपल्या भागात शीड शिवणारा मिळणार नाही. ताडपत्रीवाला ठिगळ लावून देईल, पण आकार बिघडला की होडी वाऱ्याच्या दिशेने वर चढत नाही. एक कप्पी तुटली तर मुंबईहून मागवायची आणि तोवर वाट पाहायची. होडी आणायचं भाडं वेगळं, आठशे किलोमीटरच्या वर अंतर आहे. हे सगळं आधी कागदावर मांड, आणि त्यात दोन चांगली लाइफ जॅकेटं नवीन धर. होडीबरोबर जुनी मिळतील ती घालू नकोस.

पाण्यावर उतरण्याआधी पाटबंधारे खात्याकडे परवानगीचं विचार, आणि मच्छीमार संस्थेतल्या लोकांकडे स्वतः जाऊन बस. जाळी कुठे आहेत, बुडालेल्या झाडांचे खुंट कुठे आहेत, इकॉर्निया, म्हणजे जलपर्णी, कुठवर पसरला आहे, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नाही. ते डोंग्यावर जन्म काढतात. तू शीड घेऊन आलास म्हणून हसतील, हसू दे.

तरी घ्यायचीच असेल तर आधी छप्पर बांध. दिवाळीला येशील तेव्हा तुमची घरामागची सांदवाडी टेप लावून मोजू. होडी चार मीटरची असली तरी डोलकाठी बरीच लांब असते आणि ती कुठे ठेवायची हे सगळे विसरतात. माझी गोठ्यात आड्याखाली टांगलेली आहे, आणि काकूने तिच्यावर लसणाच्या जुड्या बांधल्या आहेत.

तुझा,
काका